यादीतलं चाळिसावं नाव

११ जानेवारी

प्रिय रेघोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. मागच्या वेळी मी "गुडघा दुखतो" म्हटलं आणि तू "अभिनंदन" म्हणालास. तेव्हा महत्त्वाचं बोलणं कागदावरच केलेलं बरं.

आमच्या मैदानावर पाटी लागली आहे. सात मजल्यांच्या चार इमारती. सोमवारी सकाळी मशीनवर बसले, खिडकीतून बघते तर दोन माणसं फक्की टाकून चौकोन आखतायत. मला वाटलं शाळेच्या शर्यती असतील. दुपारी पाटी आली, संध्याकाळी पत्र्याचं कुंपण.

तू इथून गेल्याला बारा वर्षं झाली, पण मैदान तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. वसाहतीची चाळीस घरं आणि मधे ते. शेजारच्या नर्सबाई नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून तिथेच फिरवतात, कारण रस्त्यावर फिरवायची सोय नाही. मागच्या गल्लीतल्या मुली धावायला येतात. आणि मी तीस वर्षं त्या उजेडात शिवण केलं. समोर सात मजले आले की भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागेल.

काल नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत सभा झाली. खुर्च्या अकरा, माणसं तेवीस. प्रत्येकाला बोलायचं होतं, ऐकायचं कुणालाच नव्हतं. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "वसाहतीच्या मूळ नकाशात ही जागा काय म्हणून दाखवली आहे, ते कुणाला माहीत आहे का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मी छाती पुढे काढून सांगितलं, की माझा भाऊ नगररचना कार्यालयात नकाशे काढायचा आणि हा नकाशा त्याच्या डोळ्यांखालून गेलेला आहे.

मला घर मिळालं तेव्हा तू नकाशावर बोट ठेवून म्हणाला होतास, "ताई, तुझ्यासमोर कधी भिंत उभी राहणार नाही." आठवतं ना? तो नकाशा कुठे मिळेल, ते लगेच कळव. समितीने मला चिटणीस केलंय, आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझी ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. गुडघ्याला तेल लाव आणि जिने चढू नकोस.

मैदानाचं वाचून वाईट वाटलं. पण मूळ नकाशाचं मला नक्की काही आठवत नाही. तीस वर्षं झाली गं. माझ्या हाताखालून शेकडो नकाशे गेले. शिवाय आमच्या कार्यालयाच्या तळघरातल्या जुन्या कागदांना वाळवी लागली होती, बरंच जाळून टाकलं. तिथे जाऊन हेलपाटेच पडतील.

आणि एक सांगू? रागावू नकोस. माणसं वाढली, घरं लागणारच. मी इथे नवव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून समोरच्या इमारतीची धुणी दिसतात, त्याचीही सवय होते. तू सत्तरीला आलीस. सभा, अर्ज, सुनावण्या, हे सगळं तरुणांना करू दे. चिटणीसपदाचा राजीनामा दिलास तर कुणी तुला नावं ठेवणार नाही.

सूनबाईंनी मला कानाचं नवीन यंत्र आणलंय. त्यात फक्त पंख्याचा आवाज मोठा ऐकू येतो.

तुझा,
रेघोट्या


४ फेब्रुवारी

प्रिय रेघोट्या,

राजीनामा कसला द्यायला सांगतोस? तुझी ताई अजून लोकांच्या विजारी कमी-जास्त करते, सरकारच्या करायला काय जातंय!

नर्सबाई आणि मी कार्यालयात जाऊन आलो. वाळवी वगैरे काही नाही, नकाशा शाबूत आहे. तिथल्या कारकुनाने पुढ्यात पसरला. पण रेघोट्या, आमच्या मैदानावर "भावी बांधकामासाठी राखीव" असं लिहिलंय! "खुली जागा" हे शब्दच नाहीत. नर्सबाई मटकन खुर्चीत बसल्या. मी कारकुनाला म्हटलं, हा नकाशा चुकलेला आहे. तो म्हणाला, "बाई, नकाशा कधी चुकत नाही, माणसं चुकतात."

एक गंमत सांगते. ती अक्षरं इतकी सुबक होती, अगदी तुझ्या वळणाची. नर्सबाईंना मी म्हटलंसुद्धा, माझ्या भावाने ज्यांना शिकवलं त्यांच्यापैकी कुणीतरी काढलेला दिसतोय. चोरी केली, पण अक्षर छान काढलं मेल्याने.

सह्यांचा अर्ज घेऊन घरोघर फिरतेय. सगळ्यांनी सह्या केल्या, एक सोडून. मैदानाच्या कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा आहे ना, तो. तू होतास तेव्हा त्याचं दुकान नुसती पेटी होती, आता टपरी आहे. तरुणपणी पाण्याच्या टाकीवर पहारेकरी होता. माझ्या स्कूटरची हवा तोच भरतो, पैसे घेत नाही. मी अर्ज पुढे केला तर हात पुसत म्हणाला, "ताई, तुमच्या घराला मोकळी हवा पाहिजे. माझ्या कुटुंबाला आधी घर पाहिजे." मागच्या गल्लीत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. या इमारतींत गल्लीतल्या लोकांसाठी काही लहान घरं ठेवणार आहेत म्हणे, त्याने नाव घातलंय.

मला राग आला. मी म्हटलं, "दिवसभर याच मैदानाच्या कोपऱ्यावर बसता, आणि त्यावरच कुऱ्हाड?"  पण त्याने माझ्या चाकातली हवा तपासली आणि भरून दिली. घरी येईपर्यंत मलाच लाज वाटत होती.

सुनावणी १४ मार्चला आहे. आधीचा एखादा नकाशा असेल का? तुझी मती चालव.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं आहे.

ते अक्षर माझंच आहे.

वसाहतीचा नकाशा आधी नगरपालिकेच्या सभेत मंजूर झाला होता. त्यात मैदान "खुली जागा" होतं. मग आमच्या मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, अंतिम प्रतीत एवढे दोनच शब्द बदलायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, सभेने मंजूर केलेलं आपण कसं बदलायचं? ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीचा अर्ज आला होता ना घरासाठी?"

आठवून बघ. भावजी नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर आठ वर्षं होते, वसाहतीत घर मिळायला नियम दहा वर्षांच्या नोकरीचा होता. ते गेल्यावर तू चार वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आलीस. माझ्या एका खोलीत आपण पाच जण होतो. पडद्याच्या पलीकडे तू तोंडात पदर कोंबून रडायचीस आणि मला वाटायचं, याला काहीतरी केलं पाहिजे. तुझा अर्ज नामंजूर झाला होता, ते मी तुला सांगितलंच नव्हतं.

मी टेबलावर जाऊन बसलो. ब्लेडने शाई खरवडली. जागा घासून गुळगुळीत केली आणि वर नवे शब्द लिहिले. अर्ध्या तासाचं काम. आठ दिवसांनी यादी पुन्हा टाइप झाली, त्यात चाळिसाव्या क्रमांकावर तुझं नाव होतं. तुला नकाशा दाखवून "भिंत उभी राहणार नाही" म्हणालो, तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. तू इतकी हसत होतीस की मला खरं सांगवेना.

चाळिसावं नाव आधी दुसऱ्याचं होतं. टाकीवरच्या एका पहारेकऱ्याचं. तुझ्या मागच्या पत्रात ते वाचलं आणि ताटावरून उठलो. तो हाच असणार. टाकीवर दुसरा पहारेकरी नव्हता.

आता कामाचं. सभेने मंजूर केलेल्या नकाशाची निळी प्रत ठरावाला जोडलेली असते. ती आमच्या कार्यालयात नाही, नगरपालिकेच्या चिटणीसांकडे ठरावांच्या फाइलीत असते. तिथे कुणी हात लावला नसेल. ती मागा. पण ती पुढे आली की विचारतील, बदल कुणी केला, कशासाठी केला. मग तुझ्या घरावर येईल.

हे पत्र हवं तर सुनावणीत दाखव. तू बोलावशील तेव्हा येईन. कुंपणानेच शेत खाल्लं, ताई, आणि तू मला कुंपणाचं माप विचारत होतीस.

रेघोट्या


१० मार्च

ताई,

माझं पत्र मिळालं का? तीन आठवडे तुझं उत्तर नाही. लेकीला फोन केला होता, "आई बरी आहे, पण बोलत नाही फारशी" असं काहीसं ऐकू आलं. सुनावणीला चार दिवस राहिले. मी येऊ का? नुसतं "ये" एवढं लिहिलंस तरी चालेल.

रेघोट्या


१७ मार्च

भाऊ,

पत्र मिळालं होतं. २२ फेब्रुवारीला दुपारी. तेव्हापासून ते माझ्या पिशवीत आहे, मापाच्या टेपखाली.

आधी तुझा राग आला. इतका, की तू समोर असतास तर गजाने बडवलं असतं. दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघत बसले. ही भिंत, हा ओटा, लेकीसाठी वर बांधलेल्या दोन खोल्या. सगळं शिवणाच्या कष्टाचं असं मी आयुष्यभर छातीठोक सांगत आले. विटा माझ्या कष्टाच्या आहेत रे, पण खालची जमीन?

मग सुनावणी झाली. नर्सबाई छान बोलल्या. एका मुलीने सांगितलं की ती याच मैदानावर धावून शर्यतीत पहिली आली. अधिकारी सभ्य होते. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "भावना समजल्या. पण मैदान कधीकाळी खुलं मंजूर झालं होतं, याचा एक तरी कागद आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नकाशेवाल्याची बहीण ना मी.

पिशवी माझ्या मांडीवर होती. आत हात घातला. टेप लागली हाताला, मग तुझं पाकीट. आणि मी काय काढलं माहीत आहे? रुमाल. तोंड पुसलं आणि म्हटलं, "नाही साहेब."

तू तीस वर्षं गप्प बसलास, मी वीस दिवस. एवढाच काय तो फरक. तुझ्याकडे निदान पडद्यामागे रडणारी बहीण होती. माझ्याकडे कोण होतं? फक्त घर.

बाहेर आलो तर स्कूटरचं चाक बसलेलं. सायकलवालाही सुनावणीला आला होता, इमारतींच्या बाजूने. त्याने आपल्या सायकलचा हातपंप काढला आणि वाकून माझ्या चाकात हवा भरायला लागला. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका ताई, तुम्ही मनापासून लढलात." मी त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत उभी राहिले. 

कागद असेल तर १५ एप्रिलपर्यंत देता येईल, असं अधिकारी म्हणालेत. तू येऊ नकोस. मला विचार करू दे.

ताई


२४ मार्च

ताई,

"भाऊ" म्हणालीस, ते लागलं. लागायलाच हवं होतं.

आधी लिहिणार होतो की निर्णय तुझा, तू म्हणशील तसं. मग लक्षात आलं की ही माझी जुनी खोड आहे. तेव्हा साहेबांच्या मागे लपलो, आता तुझ्या मागे लपतोय.

म्हणून असं ठरवलंय. मी १२ एप्रिलला येतो. शपथेवर सांगतो की बदल मी केला, साहेबांच्या तोंडी हुकमावरून. निळी प्रत कुठे आहे तेही सांगतो. का केला म्हणून विचारलं तर म्हणेन, नोकरीच्या भीतीने. साहेब हयात नाहीत, मला आता कोण काय करणार? तुझ्या घराचा, यादीचा विषयच निघणार नाही. मैदान वाचेल, तुझं छप्परही राहील. सायकलवाल्याला इतक्या वर्षांनी सांगून त्याच्या जखमेवर मीठच चोळलं जाईल.

हे चालेल ना?

रेघोट्या


३१ मार्च

रेघोट्या,

नाही चालणार.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. दुपारभर मी मजेत होते, चक्क गुणगुणत होते. मग दळण घेऊन कोपऱ्यावरून येताना तो दिसला आणि माझं गुणगुणणं थांबलं. दळण घरी टाकलं आणि तशीच परत गेले.

तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. मी म्हटलं, "तुमच्याशी बोलायचंय."

"बोला की. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं. तुझं नाव, माझं नाव, यादी. त्याने मान वर केली नाही. पाण्यात बुडबुडे येत होते, त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं होतं, दाखला पोचलाच नाही."

"कुठला दाखला?"

"नोकरीचा. दहा वर्षं पूर्ण झाल्याचा. त्या दिवशी माझा पहारा होता, म्हणून बायको जाऊन देऊन आली. नंतर मी चौकशीला गेलो तर म्हणाले, कागदपत्रं अपुरी, दाखला नाही." त्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली, पुसली. "ती शपथ घेऊन सांगायची, दिला म्हणून. मी म्हणायचो, रस्त्यात पाडलास, कबूल कर. छप्पर गळलं की तेच. सून बाळंत झाली, झोपायला जागा नाही, की तेच. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आजारात तिने पाणी सांडलं तेव्हाही म्हणालो, तुझ्या हातात काही टिकतच नाही."

मी नुसतं "माझं चुकलं" म्हणायला गेले आणि तेही अर्धंच बाहेर आलं.

ट्यूब खाली ठेवून त्याने विचारलं, "आता हे तिथे सांगणार?"

"हो."

"मग इमारती होणार नाहीत."

"नाही होणार."

"म्हणजे तुम्ही लोक खोटं बोललात तेव्हा माझं घर गेलं," तो म्हणाला, "आणि आता खरं बोलणार, तर आताही माझंच जाणार."

याला उत्तर काय? तुला सुचत असेल तर कळव.

मी विचारलं, "मग सांगू नको का?" तो चिडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. "ते मला काय विचारता? तेव्हा विचारलं होतंत?"

तर तू ये. पण अर्धं सांगायला येणार असशील तर घरीच बस. यादीचं सांगायचं, माझं नाव घ्यायचं, त्याचंही घ्यायचं. लेकीला मी कालच सांगितलं. तिने भांडी आपटली आणि आपल्या घरी निघून गेली. नर्सबाईंना उद्या सांगणार आहे. पाचावर धारण बसली आहे माझी, पण सांगणार आहे.

स्टेशनवर घ्यायला येणार नाही. रस्ता तुला माहीत आहे.

ताई


८ जुलै

रेघोट्या,

तू परत गेल्यापासून आज लिहायला बसतेय. सुनावणीतला तू अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तुला ऐकू येत नाही म्हणून अधिकारी प्रश्न कागदावर लिहून देत होते आणि तू बहिऱ्या माणसाच्या आवाजात खणखणीत उत्तरं देत होतास. "हो, ब्लेडने खरवडलं!" "हो, बहिणीसाठी!" अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं. बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून दाराशी आली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी तुझा अभिमानही वाटत होता. असल्या गोष्टीचा अभिमान वाटावा, ही पण एक शिक्षाच.

निकाल आला. निळी प्रत तू सांगितलीस तिथेच मिळाली. बांधकामाची परवानगी रद्द, मैदान कायमचं खुलं. पत्रे काढून नेले. मुली पुन्हा धावतायत.

तुझ्याबद्दल लिहिलंय की इतक्या वर्षांनंतर कारवाई संभवत नाही. माझ्याबद्दलही तसंच, वाटप आता रद्द करता येणार नाही. मी अधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हटलं, "करा ना रद्द." ते म्हणाले, "बाई, नियमात बसत नाही." घर घ्यायला नियम मोडता आला, द्यायला मोडता येत नाही.

वसाहतीत काही जण बोलतात, काही रस्ता ओलांडून पलीकडे जातात. नर्सबाईंनी मिठी मारली नाही की शिवी दिली नाही. म्हणाल्या, "मैदान वाचलं ते तुमच्यामुळे आणि जाणार होतं तेही तुमच्यामुळे. मी काय म्हणू?" चिटणीसपद मी सोडलं.

वरच्या दोन खोल्या सायकलवाल्याच्या नावे लिहून द्यायचं ठरवलं. लेक अजून धड बोलत नाही, पण कागदावर तिने सही केली. सायकलवाल्याकडे गेले तर म्हणाला, "भीक नको." दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा त्याची सूनच घरी आली. पदर खोचून म्हणाली, "त्यांचा राग त्यांच्यापाशी राहू दे, किल्ली माझ्याकडे द्या. माझ्या मुली मोठ्या होतायत." दुसऱ्या दिवशी सामान घेऊन सगळी आली. तो नाही आला. तो गल्लीतल्याच खोलीत झोपतो. माझ्या स्कूटरला हवा मी आता चौकातून भरून आणते.

परवा वरच्या दाराची कडी निखळली म्हणून सुनेने त्याला बोलावलं. खाली बसून मला हातोडीचा आवाज ऐकू येत होता. तासाभराने तो जिना उतरला. मी चहा विचारला, "नको" म्हणाला. उंबऱ्यापाशी थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "तुमच्या भावाकडून मला एक कागद पाहिजे. दाखला पोचला होता, असा. निकालात माझं नाव आलं, तिचं कुठेच नाही."

तर तो कागद लिही. कारणं लिहू नकोस, आपल्या त्या एका खोलीचं तर मुळीच लिहू नकोस. त्याला ते ऐकून काय करायचंय?

ताई


१५ जुलै

प्रिय ताई,

सोबत कागद आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, आधी तू वाच. कारणं लिहिली नाहीत. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, जी तुला सांगितली नव्हती आणि सुनावणीतही बोललो नव्हतो. साहेबांनी फक्त यादी टाइप करून घेतली होती. बाकीचं माझं होतं.

ते वाचून तुला पुढे मला पत्र लिहावंसं वाटलं नाही, तर मी समजून घेईन. कागद मात्र त्यांना नक्की दे.

रेघोट्या


१५ जुलै

पाण्याच्या टाकीवरचे माजी पहारेकरी यांस,

तुमच्या नोकरीचा दाखला तुमच्या पत्नीने आमच्या कार्यालयात आणून दिला होता. तो त्यांनी माझ्याच हातात दिला. त्यावर सही होती, शिक्का होता, दहा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख होती. त्यात काहीही कमी नव्हतं.

त्यांनी पोच मागितली. मी म्हटलं, "गरज नाही, मिळाला म्हणजे मिळाला." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पाच दिवसांनी तो दाखला मी फाइलीतून काढला आणि फाडून टाकला. तुमच्या पत्नीने काही हरवलं नाही, काही पाडलं नाही. त्या तुमच्याशी एक शब्दही खोटं बोलल्या नाहीत.

त्या नंतर पुन्हा एकदा आल्या होत्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, मी तुमच्याकडेच दिला होता ना? घरी एकदा सांगाल का?"

मी नकाशावर रेघ मारत होतो. मान वर केली नाही.

हा कागद मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो कुणालाही दाखवावा.

(सही)